तोंडाच्या कॅन्सरवरच्या संशोधकाचं काम वाचायचं कसं?

एखाद्या संशोधकाच्या गौरवाची बातमी वर्तमानपत्रात येते, तेव्हा तिचा साचा ठरलेला असतो. तोंडाच्या कॅन्सरवर अमुक इतके शोधनिबंध, तमुक हजार सायटेशन्स, एच-इंडेक्स एवढा, आणि जगातल्या आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत नाव. आकडे भरभक्कम असतात. पण त्या माणसाने नेमकं काय शोधलं, आणि त्यामुळे कुणाचा कॅन्सर टळला किंवा वेळेत सापडला का, हे ती बातमी वाचून कळत नाही. वाचकाने ते विचारावं, आणि थोडी माहिती असली तर त्याचं उत्तर स्वतः शोधता यावं, म्हणून हा लेख.

विचारायला हवं, कारण हा आजार आपल्या दारातला आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार वर्षभरात जगात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे ३ लाख ९० हजार नवे रुग्ण आढळले. त्यांतले जवळपास १ लाख ४४ हजार भारतातले, म्हणजे तीनातला एकाहून जास्त. त्याच वर्षी आपल्याकडे सुमारे ८० हजार माणसं या आजाराने गेली. भारतीय पुरुषांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच. त्यामुळे या विषयावरचं पायाभूत काम मोठ्या प्रमाणावर भारतात झालं, आणि त्यातला बराच भाग मुंबईतून झाला, ही अभिमानाने सांगण्यासारखी आणि त्याच वेळी वाईट वाटण्यासारखी गोष्ट आहे.

आधी त्या आकड्यांचं बघू. एका शोधनिबंधात दुसऱ्या निबंधाचा हवाला दिला की दुसऱ्याच्या नावे एक सायटेशन जमा होतं. हे हवाले पद्धतशीर मोजायची कल्पना अमेरिकेतल्या यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये मांडली आणि १९६४ पासून त्यांची सूची छापून येऊ लागली. त्यांचा मूळ हेतू माणसांना गुण देण्याचा नव्हता. एखादा निबंध पुढे कुणी वापरला, कुणी खोडून काढला, हे शोधणाऱ्याला सापडावं यासाठी ती सोय होती. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे एखाद्या नियतकालिकातल्या निबंधांना सरासरी किती हवाले मिळतात तो आकडा, त्यातूनच निघाला. तो नियतकालिकाचा आकडा आहे, निबंधाचा नाही आणि लेखकाचा तर मुळीच नाही, तरी मुलाखतींत आणि बढत्यांत तो लेखकाच्या नावाला चिकटवला जातो.

एच-इंडेक्स २००५ मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. हिशेब सोपा आहे. निबंध सायटेशन्सच्या उतरत्या क्रमाने लावायचे. दहा निबंधांना प्रत्येकी निदान दहा सायटेशन्स असतील, पण अकरा निबंधांना प्रत्येकी अकरा नसतील, तर एच-इंडेक्स दहा. म्हणजे एकच निबंध गाजून उपयोग नाही आणि शंभर दुर्लक्षित निबंध लिहूनही नाही. कल्पना वाईट नाही. पण हा आकडा वयाबरोबर फक्त वाढतो, कधी घटत नाही. स्वतःच स्वतःचे हवाले दिल्याने तो फुगतो. शिवाय पंचवीस लेखकांच्या निबंधात तुम्ही सतरावे असलात, तरी पहिल्या लेखकाइतकंच श्रेय तुमच्या खात्यावर पडतं. आणि ज्या शाखेत माणसं जास्त, तिथे हवालेही जास्त. कॅन्सर पेशींच्या जनुकांवर काम करणाऱ्याला जे सायटेशन दोन वर्षांत मिळतं, ते खेडोपाडी फिरून तोंडं तपासणाऱ्याला दहा वर्षांतही मिळेलच असं नाही.

हवाला का दिला गेला, हे मोजणाऱ्या यंत्राला कळत नाही. कौतुकाने दिला की चूक दाखवायला, निबंध वाचून दिला की दुसऱ्याच्या यादीतून उचलून, सगळं सारखंच धरलं जातं. म्हणून मी कुठल्याही संशोधकाचं काम बघायला घेतो तेव्हा यादीच्या लांबीकडे न बघता त्यातले दोन-तीन निबंध उघडतो आणि एक प्रश्न आधी विचारतो: हा निष्कर्ष किती तोंडं तपासून काढला, आणि ती तोंडं कुणाची होती?

हा प्रश्न घेऊन मागे जाऊ. फेब्रुवारी १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. तिथले पॅथॉलॉजिस्ट होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. १९४४ मध्ये ‘कॅन्सर रिसर्च’ या अमेरिकी नियतकालिकात त्यांचा निबंध आला, मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा. यातला ‘सलग’ हा शब्द फार मोलाचा आहे. डॉक्टरला लक्षात राहिलेले, दुर्मीळ किंवा चांगले बरे झालेले रुग्ण निवडले की चित्र वाकडं होतं. दारात आलेला प्रत्येक रुग्ण क्रमाने घेतला की तो मोह टळतो. तीनेक वर्षांच्या जुन्या रुग्णालयातून, महायुद्ध चालू असताना, एक हजाराचा असा आढावा निघतो ही साधी गोष्ट नाही.

पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, त्यांनी बी. सूर्याबाई यांच्याबरोबर सवयी आणि कॅन्सर यांच्या नात्यावर लिहिलं. खालच्या ओठामागच्या खाचेत खैनीची (चुना लावलेल्या तंबाखूची) चिमूट धरून ठेवणाऱ्याला नेमका तिथेच कॅन्सर होतो. काही भागांत चुट्टा (तंबाखूच्या पानाचा गावठी चिरूट) उलटा, जळतं टोक तोंडात घेऊन ओढतात, तिथे तो टाळूला होतो. आजार जागा निवडतो, आणि ती जागा त्या प्रदेशाच्या सवयीने ठरवलेली असते. त्या काळात कॅन्सरकडे नशिबाचा किंवा वंशाचा भाग म्हणून बघायची पद्धत होती. त्या पार्श्वभूमीवर ‘सवय बदलली तर हा कॅन्सर टळेल’ हे म्हणायला लागणारा पुरावा इथून साचायला लागला. आजच्या मोजपट्ट्यांवर हे निबंध फार उंच दिसायचे नाहीत. त्यांनी सांगितलेली गोष्ट इतकी सर्वमान्य झाली की लोक आता हवाला न देताच ती सांगतात. संशोधनाला मिळणारं हे सर्वांत मोठं यश म्हणायला हवं, आणि तेच कुठल्या यादीत दिसत नाही.

रुग्णालयातल्या पुराव्याला मात्र एक मर्यादा असते. दवाखान्यात येतात ते आजारी. तंबाखू खाऊनही ज्यांना काही झालं नाही ते घरीच असतात. मग हजार रुग्णांपैकी नऊशे तंबाखू खाणारे निघाले, तरी गावातही दहातले नऊ तंबाखूच खात असतील तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. भागाकारातला खालचा आकडा, म्हणजे गावात एकूण तंबाखू खाणारे किती आणि न खाणारे किती, हा हवा, आणि तो घरोघरी गेल्याशिवाय मिळत नाही.

ते काम उभं राहिलं कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. अणुभौतिकी आणि गणितासाठी नावाजलेल्या या संस्थेत दंतसंशोधनाचा एक छोटा विभाग होता आणि डॉ. फली मेहता त्याचे प्रमुख. डेन्मार्कचे मुखरोगतज्ज्ञ येन्स पिंडबोर्ग, संख्याशास्त्रज्ञ प्रकाश गुप्ता, डॉ. दफ्तरी अशी मंडळी एकत्र आली. केरळातलं एर्नाकुलम, आंध्रातलं श्रीकाकुलम, गुजरातेतलं भावनगर आणि तेव्हाच्या बिहारमधले दोन जिल्हे, अशा ठिकाणी घरोघर जाऊन त्यांनी तोंडं तपासली. १९६९ मध्ये छापलेल्या निबंधाच्या शीर्षकातच आकडा आहे: ५०,९१५ गावकरी. १९७२ च्या निबंधात महाराष्ट्रातले १,०१,७६१ गावकरी. मिश्री लावणाऱ्या बायकांची तोंडं तिथे पहिल्यांदाच एवढ्या संख्येने कुणीतरी बघितली. मिश्रीला व्यसन म्हणायलाच आपल्याकडे कुणी तयार नसायचं, अजूनही पुष्कळ घरांत नसतं.

याच गटांच्या पाठपुराव्यातून एक गोष्ट पक्की झाली. एर्नाकुलमसारख्या ठिकाणी दहा वर्षं तीच माणसं पुन्हा पुन्हा तपासल्यावर दिसलं की नवे कॅन्सर जवळजवळ सगळे तंबाखूची सवय असणाऱ्यांत आणि आधीपासून तोंडात काहीतरी दिसत असलेल्यांत निघाले. पांढरा चट्टा, लाल चट्टा, ताठरलेला गाल. म्हणजे हा कॅन्सर बहुतेकदा सूचना देऊन येतो, आणि ती सूचना डोळ्यांना दिसते. आतड्यातल्या किंवा स्वादुपिंडातल्या कॅन्सरवर काम करणाऱ्यांना असं काही मिळत नाही.

ताठरलेल्या गालाची हकिगत थोडी सविस्तर सांगतो, कारण निबंधाचा प्रभाव कसा पसरतो आणि कसा कधीकधी भलतीकडे जातो, हे तिच्यात छान दिसतं. सुपारी वर्षानुवर्षं चघळली की गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतू साचत जातात. अस्तर फिकट, चामड्यासारखं होतं. बोटाने गाल दाबला तर आत दोऱ्या असल्यासारखं लागतं. आधी तिखट झोंबायला लागतं, मग तोंड कमी उघडायला लागतं, शेवटी घास घेताना अडतं. स्वतःची तीन बोटं उभी करून दातांच्या मध्ये जातात का, हे डॉक्टर करून बघायला सांगतात. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय बायकांमध्ये श्वार्ट्झ यांनी त्याचं वर्णन केलं, १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. जोशी यांनी त्याला आज रूढ असलेलं नाव दिलं, आणि १९६६ मध्ये पिंडबोर्ग आणि डॉ. सत्यवती सिरसाट यांनी त्याची व्याख्या करणारा आढावा लिहिला. सिरसाटबाई मुंबईच्या कॅन्सर संशोधन संस्थेतल्या, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर काम करणाऱ्या भारतातल्या अगदी पहिल्या पिढीतल्या. त्यांची ती व्याख्या आजही दंतवैद्यकाचा विद्यार्थी पाठ करतो आणि प्रबंधाच्या पहिल्या पानावर हवाल्यासकट लिहितो. व्याख्येचे आणि पद्धतीचे निबंध नेहमीच खूप हवाले खेचतात. त्यांत काही गैर नाही, फक्त वाचताना हे लक्षात असलेलं बरं.

या आजाराबद्दल एक आकडा सगळीकडे सापडतो: ७.६ टक्के रुग्णांना पुढे कॅन्सर होतो. पाठ्यपुस्तकांत आहे, प्रबंधांत आहे, दवाखान्यातल्या भित्तिपत्रकांवरही मी पाहिला आहे. तो आला १९८५ च्या एका निबंधातून. एर्नाकुलमच्या गावांतल्या रुग्णांचा सतरा वर्षांच्या काळात पाठपुरावा करून मूर्ती, भोंसले, पिंडबोर्ग आणि सहकाऱ्यांनी तो लिहिला. निबंध प्रामाणिक आणि कष्टाचा आहे. पण उघडून बघितलं तर रुग्ण ६६, आणि त्यांतल्या कॅन्सर झालेल्यांची संख्या पाच. ६६ पैकी ५, म्हणजे ७.६ टक्के. इतक्या कमी माणसांवरून काढलेल्या टक्केवारीत खरं प्रमाण साधारण अडीच टक्के ते सतरा टक्के यांमध्ये कुठेही असू शकतं. लेखकांनी आकडे लपवले नव्हते. हवाला देणाऱ्यांनी ६६ आणि ५ गाळले आणि दशांश चिन्हासकट टक्केवारी पुढे नेली. नंतर अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज चार-पाच टक्क्यांच्या आसपास आला. सायटेशन्स मोजायची तर या निबंधाला भरपूर आहेत, पण त्यांतल्या किती जणांनी तो उघडून पाहिला, हा प्रश्न मला सतावतो.

निरीक्षणाच्या पुढची पायरी म्हणजे काहीतरी करून बघणं. टाटा संस्थेच्या त्याच गटाने ३६ हजार तंबाखू वापरणाऱ्यांना वर्षानुवर्षं भेटून सवय सोडायला समजावलं. लोकांनी ती खरंच सोडली किंवा कमी केली, आणि एर्नाकुलममध्ये पांढऱ्या चट्ट्यांचं प्रमाण ठळकपणे घटलं. १९८६ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या नामवंत वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. औषध नाही, यंत्र नाही, माणसाने माणसाशी बोलून केलेला प्रतिबंध, आणि त्याचा मोजलेला पुरावा. या एका निबंधासाठी मी शंभर प्रयोगशाळेतले निबंध बाजूला ठेवीन.

मग प्रश्न आला तपासणीचा. चट्टे डोळ्यांना दिसतात, तर सगळ्यांची तोंडं वेळोवेळी तपासली तर मृत्यू कमी होतील का? वाटतं की होतीलच. पण तपासणीच्या बाबतीत वाटण्यावर भरवसा ठेवता येत नाही. कॅन्सर आधी सापडला की रुग्ण निदानानंतर जास्त काळ जगल्यासारखा दिसतो, मृत्यूची तारीख तीच असली तरी. म्हणून किती सापडले हे विचारायचं नसतं, किती मेले हे विचारायचं असतं.

केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या १३ पंचायती चिठ्ठ्या टाकल्यासारख्या दोन गटांत वाटल्या. सात पंचायतींमध्ये तपासणी, सहांमध्ये नेहमीची सेवा. दोन्हीकडे ३५ वर्षांवरची प्रत्येकी ९५ हजारांहून जास्त माणसं. तपासणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले पदवीधर आरोग्य कार्यकर्ते होते. घरी जायचं, उजेडात ओठ उलटवून बघायचे, दोन्ही गाल आतून, हिरड्या, टाळू, जीभ बाहेर काढायला लावून तिच्या दोन्ही कडा, जीभ वर उचलायला लावून तिच्याखालची जागा, आणि शेवटी बोटांनी मान चाचपायची. काही संशयास्पद वाटलं तर डॉक्टरकडे पाठवायचं. तीन-तीन वर्षांच्या अंतराने अशा तीन फेऱ्या. डॉ. शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांचा हा निबंध २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला.

याचा निकाल बहुतेक ठिकाणी ‘तपासणीने मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले’ असा सांगितला जातो. तो अर्धवट आहे. तपासणी झालेल्या पंचायतींत तोंडाच्या कॅन्सरने दर लाख व्यक्ती-वर्षांमागे (एका माणसावर एक वर्ष लक्ष ठेवलं की एक व्यक्ती-वर्ष) १६.४ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात २०.७. घट २१ टक्के दिसते, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर ती निव्वळ योगायोगाने आलेली नाही असं छातीठोक म्हणता येत नाही. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांपुरतं बघितलं तर २९.९ विरुद्ध ४५.४. ही ३४ टक्के घट, आणि ती कसोटीला उतरते. म्हणजे सरसकट सगळ्यांना तपासून मिळणारा फायदा पक्का सांगता आला नाही, व्यसन असणाऱ्यांना तपासून मिळणारा सांगता आला. धोरण ठरवणाऱ्यासाठी हा फरक फार मोठा आहे, कारण कार्यकर्ते थोडे आणि घरं पुष्कळ. लेखकांनी निबंधात दोन्ही आकडे दिले आहेत. संशोधकाची विश्वासार्हता मला अशा जागी दिसते, गैरसोयीचा आकडा सोयीच्या आकड्याशेजारी छापला आहे का, इथे.

आता रुग्णालयाच्या आत. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात आहे, मानेत हाताला गाठ लागत नाही. तोंडातली गाठ काढताना मानेतल्या लसिका ग्रंथीही त्याच वेळी काढाव्यात, की गाठ आली तरच पुढे काढाव्यात? काढल्या आणि त्यांत कॅन्सर नव्हताच, तर रुग्णाला खांद्याचा त्रास विनाकारण. न काढता थांबलो आणि कॅन्सर तिथे लपलेला असला, तर वेळ गेलेली. जगभरचे सर्जन यावर पन्नास वर्षं वाद घालत होते. आधीचे अभ्यास लहान होते. टाटा मेमोरियलमधलाच १९८९ चा एक निबंध होता ७० रुग्णांचा, आणि तेवढ्यावर निकाल लागणं शक्य नव्हतं.

डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ अशी दहा वर्षं परळलाच ५९६ रुग्ण घेतले. २०१५ मध्ये पहिल्या ५०० जणांचा निकाल ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. ग्रंथी आधीच काढलेल्यांत तीन वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण ८०.० टक्के, वाट पाहिलेल्यांत ६७.५ टक्के. आधीच शस्त्रक्रिया केलेल्या दर आठ रुग्णांमागे एक मृत्यू टळतो, असा त्याचा अर्थ. शस्त्रक्रियेचे दुष्परिणाम ६.६ टक्के विरुद्ध ३.६ टक्के, हेही तिथेच लिहिलं आहे. वाद बऱ्याच अंशी मिटला आणि जगभरच्या उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांत हा निकाल गेला. प्रभाव हा शब्द मी अशा वेळी बिनदिक्कत वापरतो. युरोप-अमेरिकेत एवढे रुग्ण एका ठिकाणी मिळणं कठीण होतं. आपल्याकडे ते होते हे आपलं दुर्दैव, आणि त्यांच्यावरून जगाच्या उपयोगी पडेल असं उत्तर काढलं गेलं हे त्या विभागाचं कर्तृत्व.

सायटेशनच्या आकड्यावर विसंबण्यातला धोका किती खोल असू शकतो, याचं सर्वांत कडू उदाहरणही तोंडाच्या कॅन्सरमधलंच आहे. नॉर्वेतल्या ओस्लोचे यॉन सुदबो हे या विषयातलं वेगाने वर आलेलं नाव. तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांपैकी कुठले कॅन्सरकडे जातील हे पेशींमधल्या डीएनएच्या प्रमाणावरून सांगता येतं, अशा आशयाचे त्यांचे निबंध अव्वल नियतकालिकांत आले होते आणि हवालेही मिळवत होते. ऑक्टोबर २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणखी एक निबंध आला, ९०८ व्यक्तींवर आधारलेला. काही वेदनाशामकं दीर्घकाळ घेणाऱ्यांत तोंडाचा कॅन्सर कमी होतो, असा निष्कर्ष. नॉर्वेच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेतल्या कामिला स्टोल्टेनबर्ग यांनी तो वाचला आणि त्यांच्या लक्षात आलं की ज्या माहितीसाठ्याचा उल्लेख आहे, तो तेव्हा संशोधकांसाठी खुलाच झाला नव्हता. जानेवारी २००६ मध्ये सगळं बाहेर आलं. ९०८ माणसं कल्पित होती. त्यांतल्या २५० जणांची जन्मतारीख एकच होती. चौकशी समितीने त्यांच्या बहुतांश प्रकाशित कामावर शिक्का मारला की ते बनावट किंवा फेरफार केलेल्या माहितीवर उभं आहे, आणि निबंध मागे घेतले गेले. हे नियतकालिकाच्या परीक्षकांच्या नजरेतून सुटलं होतं, सहलेखकांच्याही सुटलं होतं. चट्टा असलेल्या खऱ्या रुग्णांना त्या निष्कर्षांच्या आधारे सल्ले दिले गेले असतील, हा विचार मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो. मागे घेतलेल्या निबंधांना नंतरही हवाले मिळत राहतात, हे तर वैद्यकीय प्रकाशनांत नेहमी दिसणारं दुखणं आहे.

म्हणून संशोधकाचं पान उघडलं की मी काही गोष्टी चाळून घेतो. निबंध मागे घेतल्याची नोंद आहे का. तो कितव्या क्रमांकाचा लेखक आहे: वैद्यकीय निबंधांत पहिला बहुधा प्रत्यक्ष राबलेला असतो आणि शेवटचा काम उभं करणारा. एकाच प्रश्नावर पाच-दहा वर्षं तो टिकून राहिला आहे का, की दर वर्षी नवा रासायनिक रेणू आणि नवे चाळीस रुग्ण. आणि त्याचा निष्कर्ष दुसऱ्या कुणी, दुसऱ्या शहरात, पुन्हा तपासून पाहिला आहे का. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं बोकाळली आहेत, तेव्हा निबंधांची संख्या तर मी बघतच नाही. त्या दोन टक्क्यांच्या यादीबद्दलही एवढं सांगतो की ती सायटेशन्सवरूनच काढलेली असते, म्हणजे वरच्या साऱ्या मर्यादा तिच्यात जशाच्या तशा उतरतात.

काही प्रभाव तर निबंधांच्या जगाबाहेरच पडतो. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था १९८५ मध्ये तंबाखू घातलेल्या पानाला कॅन्सरकारक म्हणून मोकळी झाली होती. सुपारीचं मात्र लटकलं होतं. २००४ मध्ये जगभरचा पुरावा एकत्र करून तिने ठरवलं की तंबाखूशिवायची सुपारीही माणसात कॅन्सर घडवते. त्या पुराव्यात गावोगाव फिरून गोळा केलेले अभ्यास होते. पुढे अन्नपदार्थांत तंबाखू किंवा निकोटीन नसावं असा २०११ चा केंद्रीय नियम आला, आणि त्याचा आधार घेऊन २०१२ मध्ये महाराष्ट्रासह एकामागून एक राज्यांनी गुटख्यावर बंदी घातली. त्याआधीची महाराष्ट्राची बंदी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नव्हती. न्यायालयात आणि मंत्रालयात हे निबंध फायलींमध्ये लागतात, तिथे सायटेशन मोजलं जात नाही. बंदीनंतर काय झालं, टपरीवर मसाला आणि तंबाखूच्या दोन वेगळ्या पुड्या कशा आल्या, हे आपण रोज बघतो. तो आता नव्या अभ्यासाचा विषय आहे.

केरळच्या त्या चाचणीनंतर अकरा वर्षांनी, २०१६ मध्ये, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ३० ते ६५ वयाच्या सगळ्यांची तोंडं पाच वर्षांतून एकदा तपासायची मार्गदर्शक सूचना काढली. कागदावर हे फार मोठं यश आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या लोकांना विचारलं की कॅन्सरसाठी तुमचं तोंड कधी तपासलं गेलं आहे का. हो म्हणणाऱ्या बायका ०.९ टक्के, पुरुष १.२ टक्के. आणि तपासलं तरी तेवढ्याने भागत नाही. केरळात, जिथे साक्षरता आणि दवाखाने दोन्ही जास्त, तिथेसुद्धा संशय आल्यामुळे डॉक्टरकडे पाठवलेल्या ५,१४५ जणांपैकी ३,२१८ जणच गेले. उरलेले १,९२७ का गेले नाहीत? मजुरी बुडेल म्हणून, भीतीने, की दुखत नाही तर जायचं कशाला म्हणून? याची उत्तरं शोधणारे निबंध येत आहेत, बहुधा छोट्या नियतकालिकांत, आशाताईंना आणि रुग्णांना बसून प्रश्न विचारणारे. जनुकांवरच्या निबंधांइतके हवाले त्यांना मिळायचे नाहीत. सध्या मी तेच आधी उघडतो.